सोल्वेगला सांगू नका

बर्लिन, न्यू हॅम्पशर
२८ ऑगस्ट १९८८

प्रिय रोझेर,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी तुटक बोलले, राग मानू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि ओमेर तिथेच टेबलाशी बसलेला असतो. नवऱ्याबद्दल त्याच्याच समोर बोलायचं, आणि तेही त्याला मध्ये एक शब्द टाकता येत नसताना, हे माझ्याच्याने होत नाही. म्हणून लिहिते आहे.

यंदा डोंगर नको. फिलियासलाही मी तेच सांगितलं. तुम्ही दोघं जरूर जा. दर सप्टेंबरला जाता, ते मोडू नका. पण ओमेरला यात धरू नका.

फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तू येऊन गेलास. तेव्हा सगळे म्हणत होते, उन्हाळ्यापर्यंत बोलायला लागेल. पाय चांगलाच सुधारला. रोज सकाळी नदीकाठाने पुलापर्यंत जाऊन येतो. उजवा हात जरा मंद आहे, पण चालवून घेतो. बोलणं म्हणशील तर 'येस' आणि 'ऑल राइट', एवढंच. कॉफी हवी का, येस. नको का, येस. कागद कारखान्यात मशिनीच्या वर आवाज चढवून आयुष्य काढलेला माणूस, आता घरात घड्याळाचा आवाज ऐकू येतो.

दर मंगळवारी हॉस्पिटलात मिस व्हिटकम नावाची एक तरुण मुलगी त्याला चित्रं दाखवून शब्द शिकवते. सफरचंद, खुर्ची, कुत्रा. मुलगी फार गोड आहे. ओमेर चित्राकडे बघतो, तोंड उघडतो आणि मान खाली घालतो. हल्ली मंगळवारी निघायच्या वेळी त्याला टोपी सापडेनाशी होते. टोपी त्याच्या खिशातच असते.

बाकी आमचं ठीक चाललं आहे. कॅरिन नॅशुआहून दोनदा येऊन गेली. लेकीचा आधार आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
सोल्वेग


ब्रिस्टल, कनेटिकट
४ सप्टेंबर

प्रिय सोल्वेग,

राग कसला. तू तुटक बोललीस हे मला कळलंही नाही, आमच्या कारखान्यात विमानाच्या इंजिनांपुढे उभं राहून माझे कान कधीच गेलेत.

पण एक विचारतो. नको हे तू म्हणतेस की ओमेर म्हणतो? तू म्हणशील, त्याला काहीही विचारलं तरी तो 'येस'च म्हणणार. मग विचारूच नकोस. त्याचे डोंगरातले बूट काढ आणि त्याच्यासमोर ठेव. त्याने पायाने बाजूला सारले तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

वाट तुला ठाऊक आहे, आम्ही इतक्या वर्षांत दुसरीकडे गेलोच नाही. यॉर्क तळ्याजवळच्या मत्स्यकेंद्रापाशी गाडी लावायची, अननोन तळ्यापर्यंत सावकाश चढायचं, तिथे जेवायचं. मग हॉर्नच्या खडकावरून कॅबट डोंगराच्या माथ्याजवळच्या केबिनमध्ये मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खिंडीने खाली. तो तळ्यापाशीच दमला तर आम्ही तिथेच तंबू ठोकू. फिलियास बरोबर आहे. गावातले लोक शाळेच्या बसमध्ये आपली सगळी पोरं त्याच्या हवाली करतात. तू एक ओमेर कर.

आणि माझंही ऐक जरा. इथे मला सगळे 'रॉस' म्हणतात. रोझेर म्हणणारी माझी मार्सेल गेली त्याला आता चार वर्षं होतील. नन्सच्या शाळेतून पळून मी, ओमेर आणि फिलियास पहिल्यांदा त्या रानात गेलो तेव्हापासून मला पुऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरली, आणि त्यातला एक मुका झालाय. तो नुसता बरोबर चालला तरी मला चालेल.

रोझेर


बर्लिन
१४ सप्टेंबर

प्रिय रोझेर,

बूट ठेवले. त्याने ते उचलले, मांडीवर घेतले आणि संध्याकाळभर डाव्या हाताने त्यांना चरबी चोळत बसला. वर्तमानपत्र पसरायचं विसरला, टेबलाचा सत्यानाश झाला.

तेव्हा न्या त्याला. पण माझ्या अटी नीट वाच आणि फिलियासलाही वाचून दाखव, तो चष्मा आणणार नाही.

गोळ्या सकाळी आणि रात्री. वाक्यं लहान बोलायची. एका वेळी एकच गोष्ट. तो शब्द शोधत असेल तर थांबायचं, मध्येच पुरवायचा नाही. आणि बोलायचं फक्त इंग्लिशमध्ये. मिस व्हिटकम म्हणते, डोक्यात आधीच गोंधळ आहे, त्यात दोन भाषा कालवू नका. माझी पाठ वळली की तुम्ही तिघं फ्रेंच सुरू करता हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. या वेळी नको.

त्याला घेऊन जा, चांगलं हिंडवा. पुढच्या वर्षीचं कोणी पाहिलंय.

सोल्वेग


ब्रिस्टल
२७ सप्टेंबर

प्रिय सोल्वेग,

रविवारी तुझ्या दारात फार थांबता आलं नाही, सोमवारी पहाटेची पाळी होती आणि गाडी लांब हाकायची होती. म्हणून आभाराच्या या चार ओळी.

ओमेर छान चालला. आमच्यापेक्षा बरा. शनिवारी दुपारनंतर वर ढग उतरले, पण पाऊस झाला नाही. केबिनमधली चूल पेटली, फिलियासचं वाटाण्याचं सूप नेहमीसारखं करपलं. ओमेरच्या कपाळावरचा ओरखडा स्प्रूसच्या फांदीचा आहे, काळजीचं कारण नाही.

तू पाठवलेला केक आम्ही पहिल्याच दिवशी संपवला.

रोझेर


बर्लिन
९ ऑक्टोबर

रोझेर,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तू दोन पानांच्या आत कधी पत्र लिहिलेलं मला आठवत नाही. मार्सेल आजारी होती तेव्हासुद्धा तू हॉस्पिटलच्या जेवणावर पानभर लिहिलं होतंस. तेव्हा मला वेडी समजू नकोस.

वर काय झालं?

तो पडला का? डोक्यावर पडला का? कारण डोंगरावरून जो ओमेर परत आला तो गेलेला ओमेर नाही. सकाळी कॉफी झाली की मागच्या शेडमध्ये जातो आणि आतून कडी लावतो. जेवायला हाक मारली की येतो, माझ्याकडे बघत नाही, जेवतो आणि परत जातो. एकदा मी शेडजवळून कपडे वाळत घालायला जात होते तर आतून आवाज आला. कण्हतोय की रडतोय कळेना. मी दार वाजवलं, आवाज थांबला. दार उघडून माझ्याकडे बघून म्हणाला, "ऑल राइट." रात्री 'येस' म्हणायचंही त्याने सोडून दिलंय.

फिलियासला किराणा दुकानात गाठलं. त्याने मला बघून डब्यांच्या रांगेमागे दडी मारली. एवढा मोठा माणूस. मी त्याला धरलं आणि विचारलं, तर म्हणतो, "रोझेरला विचार, मी बस चालवतो." हे काय उत्तर झालं?

आता मीही तुझ्यापासून लपवलेलं सांगते. नॅशुआमध्ये कॅरिनच्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे. तिथे ओमेरसाठी एक खोली धरून ठेवली आहे, थँक्सगिव्हिंगनंतर मिळेल. मी हे घर विकून कॅरिनकडे राहीन आणि रोज त्याच्याकडे जाईन. मी दमले आहे, रोझेर. पाठ दुखते ती वेगळी. एका माणसाशी दिवसभर दोघांच्या वाटचं बोलून मी दमले आहे. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. म्हणूनच त्याला तुमच्याबरोबर पाठवलं होतं, शेवटचं म्हणून. आणि तुम्ही मला असा परत आणून दिलात.

जे झालं ते खरं खरं लिही. आपली जुनी ओळख आहे म्हणून एवढंच मागते.

सोल्वेग


ब्रिस्टल
१४ ऑक्टोबर

प्रिय सोल्वेग,

ओमेरने माझ्याकडून आणि फिलियासकडून वचन घेतलं होतं. ते मी आज मोडतो आहे. त्याला सांग की रोझेरने मोडलं.

सगळ्यात आधी, तो पडला नाही. ओरखडा फांदीचाच आहे.

शनिवारी सकाळी निघालो तेव्हा आकाश स्वच्छ होतं, मेपल लाल झाले होते. आम्ही तुझ्या अटी तंतोतंत पाळत होतो. मी त्याच्याशी असा बोलत होतो: "ओमेर. हे. झाड." तो माझ्याकडे असा बघायचा की झटका मलाच आलाय. फिलियास तर त्याची आईच झाला होता. जाकिटाची चेन लावून दे, पाण्याची बाटली उघडून दे. अननोन तळ्याशी जेवायला बसलो तेव्हा फिलियास त्याच्या बुटाची नाडी बांधायला वाकला, ओमेरने पाय झटकला आणि आमच्याकडे पाठ करून काठावर जाऊन बसला. पलीकडे त्या पांढऱ्या बर्चच्या रांगा, पाणी स्थिर, आणि त्याची ती पाठ. मला वाटलं, सोल्वेगचंच बरोबर होतं. काय काय गेलं ते त्याला दाखवायला आपण त्याला इथवर आणलं.

तळ्यावरून वर चढायला लागलो आणि ढग खाली आले. तुला ते रान माहीत आहे. ओल्या स्प्रूसमध्ये हाताभरावरचं दिसत नाही, झाडांवर वाटेसाठी रंगवलेल्या पिवळ्या खुणा तर नाहीच नाही. फिलियास पुढे, मी मधे, ओमेर मागे. एका ठिकाणी फिलियास डावीकडे वळला. वाट रुंद होती, मऊ होती, मीही गेलो. मागे ओमेरच्या काठीचा ठक ठक आवाज येत होता, तो लांब लांब होत गेला. मी फिलियासला म्हटलं, "थांब, तो मागे पडतोय." फिलियास थांबला तो नेमका चिखलात. मांडीपर्यंत आत गेला.

मग त्याने फ्रेंचमध्ये शिवी दिली. तुझ्या अटी गेल्या खड्ड्यात, त्याच्याबरोबरच. आमच्या लोकांच्या शिव्या तू ऐकल्या आहेस. चर्चच्या वेदीवर जे जे पवित्र असतं त्याची एकेक करून नावं घ्यायची. फिलियासने पेला घेतला, प्रसाद घेतला, प्रसादाची पेटी घेतली. मग त्याचा दम संपला.

तेवढ्यात मागून, ढगातून, आणखी एक नाव आलं. त्याने न घेतलेलं. स्वच्छ, खणखणीत, जसं कारखान्याच्या फाटकात यायचं तसं.

आम्ही वळलो. ओमेर बराच मागे, एका झाडाला हात टेकून उभा होता. तोंड उघडंच होतं. आपल्या तोंडातून काय आलं ते बघून तोच घाबरलेला होता. मग त्याने काठी उचलून आमच्याकडे दाखवली आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "फिलियास. ती वाट नाही. मूस हरणांची आहे."

थांबत थांबत, पण पूर्ण. सोल्वेग, त्याचा हात ज्या झाडावर होता त्यावर पिवळी खूण होती. तो मागे पडलेलाच नव्हता. आम्ही चुकलो आणि तो वाटेवर उभा राहून आम्हाला काठी आपटून बोलावत होता.

मी म्हटलं, "काय म्हणालास? पुन्हा म्हण."

तो म्हणाला, "बहिरा झालास का?"

फिलियास एक पाय चिखलात तसाच ठेवून रडायला लागला. त्याला बाहेर काढायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला, कारण ओमेर हसत होता आणि हसताना त्याच्या हातात जोर राहत नव्हता.

त्यानंतर तो केबिनपर्यंत बोलत आला. सगळं नीट नाही. शब्द मधूनच गळतात. चमच्याला बूट म्हणाला, स्वतःवरच चिडला, मग खरा शब्द सापडला तेव्हा तो चार वेळा म्हणाला. पण वाक्यं होती. आईची आठवण काढली, फिलियासच्या सुपाला नावं ठेवली. इंग्लिशमध्ये विचारलं की परत दार बंद. फ्रेंचमध्ये विचारलं की उघडं. कसं ते डॉक्टरांना ठाऊक. लग्न झाल्यापासून त्याला कोणी घरात फ्रेंच बोलताना ऐकलं नव्हतं, मग ते विचारून बघायचं कुणाला सुचणार? आम्हालाही सुचलं नाही.

चुलीशी बसलो होतो तेव्हा मी म्हटलं, "उद्या सोल्वेगला सांग, बघ ती काय करते."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "सोल्वेगला सांगू नका."

फिलियास म्हणाला, "का रे?"

पुढचं मी जोडून लिहितो, त्याने तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. म्हणाला: "लग्न करून तिला मिनेसोटाहून आणली. आईच्या टेबलाशी सगळी भावंडं बसलेली. सगळे फ्रेंचमध्ये बोलून हसत होते. आणि तीही हसत होती, कशाला ते न कळता, ताटाकडे बघून. मला ते बघवलं नाही. घरी जाताना मी तिला शब्द दिला, आपल्या घरात तुला कळणार नाही असं मी काही बोलणार नाही. आई त्यावरून मरेपर्यंत रुसली. पण मी पाळलं. आता तिने माझं सगळं करायचं, आणि मी तिला परत त्या टेबलाशी नेऊन बसवायचं?"

आणि खोलीचं त्याला माहीत आहे. तू आणि कॅरिन हळू बोलता, पण त्याची जीभ गेली आहे, कान नाहीत. तो म्हणाला, "ती दमली आहे. मी गप्प राहिलो तर तिला मला तिथे ठेवणं सोपं जाईल. मी जाईन."

मी त्याच्याशी भांडलो. फिलियासही भांडला. त्याने आमचे हात धरून वचन घेतलं. आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं?

शेडमध्ये तो काय करतो ते मला ठाऊक नाही. पण रडत नसावा.

आता तू माझ्यावर रागाव. पण मला उत्तर लिही.

रोझेर


ब्रिस्टल
३० ऑक्टोबर

प्रिय सोल्वेग,

उत्तर नाही. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. फिलियासला विचारलं तर म्हणतो, घरात दिवा दिसतो, धुराड्यातून धूर येतो, याउपर मी बस चालवतो.

मी चुकलो असेन तर तसं लिही. खोली घ्यायची ठरली असेल तर तेही लिही. सामान हलवायला मी गाडी घेऊन येईन, एक शब्दही बोलणार नाही.

रोझेर


बर्लिन
२० नोव्हेंबर

प्रिय रोझेर,

तुझं मोठं पत्र मी पोस्टाबाहेर गाडीत बसून वाचलं आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

मला राग आला होता. तुझा नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ओमेरला आपल्या भाषेची लाज वाटते म्हणून त्याने ती घरात सोडली. मी लोकांना तसं सांगितलंसुद्धा आहे. त्या रात्री त्याने गाडीत मला जे सांगितलं ते मला आठवतं, पण ते नव्या नवऱ्याचं गोड बोलणं म्हणून मी ऐकलं आणि विसरले. त्याने ते पाळलं हे मला कळलंच नाही. आपल्यासाठी कोणी इतकं सोडलेलं आपल्याला कळू नये, आणि ते दुसऱ्याने पत्रातून कळवावं, याचा राग कुणावर काढायचा? म्हणून दोन आठवडे मी फोन उचलला नाही. फरश्या घासल्या.

मग एके दिवशी दुपारी शेडच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. हे चांगलं नाही, पण राहिले. त्याच्यासमोर मिस व्हिटकमची चित्रं पसरलेली होती. तो एक चित्र उचलायचा आणि फ्रेंचमध्ये शब्द म्हणायचा. तो लगेच यायचा. मग डोळे मिटायचा आणि इंग्लिश शब्द ओढायला लागायचा. "ॲ... ॲ..." घशातून नुसता आवाज. ते मी कण्हणं समजले होते. मग बाकावर मूठ आपटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. रोझेर, तो तिथे दिवसच्या दिवस बसून माझ्यासाठी इंग्लिश शोधत होता.

मी आत गेले, स्वयंपाक केला आणि परत आले. या वेळी दार वाजवलं. त्याने उघडलं. मला फ्रेंचचं एकच वाक्य येतं. त्याची आई जेवताना माझ्या ताटात वाढत वाढत ते म्हणायची: मांज, मा फी, मांज. जेव गं पोरी, जेव. तिचं माझ्याशी एवढंच बोलणं झालं, पण ते दर रविवारी व्हायचं. ते मी दारात उभी राहून ओमेरला म्हणाले.

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. मला बोट दाखवून त्याने माझं वाक्य सुधारलं, दोनदा. मी माझ्या चौसष्ट वर्षांच्या नवऱ्याला 'पोरी' म्हणाले होते.

त्या दिवशी सूप थंड झालं, कारण त्याने टेबलावरच्या प्रत्येक वस्तूचं नाव मला म्हणायला लावलं. मीठदाणीसुद्धा सुटली नाही. मी चुकले की तो हात कपाळाला लावायचा. मास्तर म्हणून तो भयंकर आहे.

आता बाकीचं. मिस व्हिटकमला मी सगळं सांगितलं. ती खुर्चीतून उठलीच. "मग आपण तिथूनच सुरू करू," म्हणाली. आता मंगळवारी फिलियास बस लावून थेट हॉस्पिटलात जातो. तो फ्रेंचमध्ये शब्द म्हणतो, ओमेर म्हणतो, मग मिस व्हिटकम तोच इंग्लिशमध्ये म्हणते. 'ब्रेड' आला. 'स्नो' आला, पहिला बर्फ पडला त्याच आठवड्यात. टोपी आता आपोआप सापडते. आणि दर गुरुवारी मी शेजारच्या पिनेटबाईंकडे फ्रेंच शिकायला जाते. माझे उच्चार ऐकून त्या टेबलावर डोकं टेकवतात.

कॅरिनशी भांडण झालं. मी खोली नको म्हटल्यावर ती म्हणाली, "आई, तू चार शब्दांवर घर चालवणार आहेस का?" तिचं चूक नव्हतं, तिने मला रडताना पाहिलं होतं. ती रविवारी आली. ओमेर दारात गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि "कॅरिन" म्हणाला. तिने कोट न काढता आश्रमात फोन केला आणि ती खोली दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं.

मी दमत नाही असं म्हणणार नाही. पण शनिवारी दुपारी फिलियास त्याला घेऊन हिंडायला जातो आणि मी पडदे ओढून झोपते. तेवढं पुरतं. आणि पुढच्या सप्टेंबरला मी पण येणार आहे. अननोन तळ्यापर्यंतच, पुढचं तुम्ही तिघं बघा. सूप मी करणार.

एक गोष्ट विचारायची आहे आणि ती पिनेटबाईंना विचारायची माझी हिंमत नाही. गेले काही दिवस ओमेर सकाळी माझ्यासमोर कॉफी ठेवतो आणि मला 'मा ब्लोंड' म्हणतो. रोज. मला 'ब्लोंड' कळतं, सोनेरी केसांची, ते इंग्लिशमध्येही आहे. पण माझे केस कॅरिनच्या लग्नाच्या आधीपासून पांढरे आहेत. त्याला मी तीस वर्षांपूर्वीची दिसते का? की त्याचं डोकं मागे मागे चाललंय आणि त्याला आताचं काही कळत नाही? सगळं इतकं चांगलं चाललं असताना मला मिस व्हिटकमला हे सांगायची भीती वाटते. तू त्याला लहानपणापासून ओळखतोस. खरं सांग.

सोल्वेग


ब्रिस्टल
२५ नोव्हेंबर

प्रिय सोल्वेग,

तुझं पत्र परवा आलं. मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. थँक्सगिव्हिंगला मुलाकडे जायचं होतं, उशिरा पोचलो, सून रागावली. तिला कारण सांगितलं तर तीही रडली, आणि तिला तर तुझं नावही धड म्हणता येत नाही.

आता तुझा प्रश्न. त्याचं डोकं ठिकाणावर आहे. मिस व्हिटकमला सांगायला नको.

आमच्या फ्रेंचमध्ये 'ब्लोंड'चा केसांशी काही संबंध नाही. माझ्या मार्सेलचे केस कोळशासारखे होते, तरी ती माझी ब्लोंड होती. मुलगा रविवारी धुतलेला शर्ट घालून जिच्या दारात जातो, जिचा बाप त्याच्याकडे संशयाने बघतो, आणि जिने अजून हो म्हटलेलं नसतं, ती त्याची ब्लोंड. लग्न झालं की आम्ही लोक हा शब्द सोडून देतो. मग 'माझी बायको' म्हणतो, नाहीतर 'म्हातारी'. मीही सोडला होता. कशाला सोडला कुणास ठाऊक.

तुला मिनेसोटात मागे लागून मिळवली तेव्हा ओमेरला हे इंग्लिशमध्ये म्हणावं लागलं असेल, आणि इंग्लिशमध्ये याला नेमका शब्द नाही. तेव्हा तो त्याने तुला कधीच म्हटलेला नसणार. आता म्हणतोय. त्याला तू आज जशी आहेस तशीच दिसतेस, पांढऱ्या केसांची. कॉफी घेऊन तो त्या बाईच्या दारात उभा आहे.

यावर मुलगी मुलाला काय म्हणते तेही सांगतो, म्हणजे पिनेटबाईंना विचारायला नको. 'मों चम', म्हणजे माझा सखा. 'चम' हा शब्द आम्ही तुमच्या इंग्लिशमधूनच उचललेला आहे, तेव्हा उच्चार चुकणार नाही. उद्या त्याने कॉफी ठेवली की म्हण.

तुझा,
रोझेर